चिरुतेच्चीची कात्री

रविवारी दुपारी उदय वाचनशाळेच्या हॉलमध्ये कुंजंबू एका मोबाईलसमोर बसला होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता की बघणाऱ्याला वाटावं, समोर पक्कड घेऊन दात काढणारा डॉक्टर उभा आहे. मोबाईल एका पालथ्या पातेल्याला टेकवलेला होता. पातेलं शेजारच्या चहावाल्याचं. बाजूला पुठ्ठ्याच्या बांधणीची जुनी कादंबरी, पाण्याचा तांब्या आणि घाम पुसायचं एक फडकं. फडकं वाचन सुरू व्हायच्या आधीच पिळायच्या लायकीचं झालं होतं.

"कुंजंबू, ऐकू येतंय का?" मोबाईलमधून नंबियार माष म्हणाले.

कुंजंबू ताडकन उभा राहिला आणि त्याने गुडघ्यापर्यंत दुमडलेला, लुंगीसारखा नेसलेला मुंडू खाली सोडला. आमच्या गावात, पुळियंकडवात, वडीलधारं माणूस बोलायला लागलं की मुंडू खाली सोडायचा असतो, आणि नंबियार माष, म्हणजे मास्तर, तर वाचनशाळेचे अध्यक्ष. शिवाय गावातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी गणितासाठी पिळलेले. त्यामुळे कुंजंबूचं चुकलं असं नाही. फक्त तो उभा राहिल्यामुळे माषना आता पडद्यावर त्याचं पोट तेवढं दिसत होतं.

"अरे, डोकं कुठे गेलं तुझं?"

"इथेच आहे, माष."

"मग खाली आण ते!"

माष भिंतीपलीकडे ऑफिसच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. नुसती हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं. पण आज सगळं यंत्रातून व्हायचं होतं, आणि यंत्रातूनच ठरायचं होतं. आजचं वाचन लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही, तर पुढच्या महिन्यापासून संध्याकाळचा हॉल स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला जाणार होता आणि वाचनशाळेतलं रोजचं वाचन कायमचं बंद होणार होतं. कुंजंबूची नोकरी जाणार नव्हती. धूळ झटकणं, पुस्तकं देणं-घेणं, वाळवीशी भांडणं, हे सगळं त्याच्याकडेच राहणार होतं. पण त्याच्याकडून वाचन काढून घ्यायचं म्हणजे कोंबडा ठेवायचा आणि आरवणं तेवढं काढून घ्यायचं.

कुंजंबू मूळचा विडीच्या शेडमधला. तरुणपणी विड्या वळायला बसला तेव्हा त्याच्या विड्या एका टोकाला फुगायच्या आणि दुसऱ्या टोकाला उसवायच्या. मुकादम त्या उचलून सगळ्यांना दाखवायचा. आवाज मात्र असा की नदीपलीकडची होडी वळून यावी. शेवटी कामगारांनीच ठरवलं, याला वाचायला बसवा. आमच्याकडे शेडमध्ये ही रीतच होती. सगळे मिळून त्याच्या वाटणीच्या विड्या वळायचे, आणि तो सगळ्यांच्या वाटणीचं वाचायचा. सकाळी पेपर, दुपारी कादंबरी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री आणि कान कुंजंबूकडे.

शेडमध्ये टाळ्या वाजत नसत. वाजवणार कुठून, हात रिकामे कुठे होते? तिथे सगळा निकाल कात्रीवर. ऐकणारे कंटाळले की कात्र्या खटाखट, रागावल्यासारख्या चालायच्या. गोष्ट रंगली की त्या हळू व्हायच्या. आणि वर्षातून एखाद्या दुपारी अशी जागा यायची की सगळ्या कात्र्या थांबायच्या. फक्त श्वासभर. पैसे विडीच्या मोजणीवर, जास्त थांबणं कुणाला परवडायचं? तेही कापायला घेतलेलं विडीचं पान पुरं करूनच. पान अर्ध्यात सोडलं की चिरतं आणि वाया जातं, म्हणून विडी कामगार घराला आग लागली तरी आधी हातातलं पान पुरं करेल आणि मग बादली शोधेल. तो श्वासभराचा थांबा हेच कुंजंबूचं पदक, तीच त्याची शाल आणि तोच नारळ.

शेड बंद पडली तेव्हा वाचनशाळेने कुंजंबूला ठेवून घेतलं. संध्याकाळी जुने कामगार हॉलमध्ये येऊन बसू लागले. सवयीने सूप आणि पानंही आणायचे. पुढे एकेकाचे गुडघे गेले, एकेकाला मुलांनी शहरात नेलं, काहींना देवाने. शेवटी उरले दोन्ही कानांनी बहिरे अंबूअप्पन, जे फक्त पंख्यासाठी यायचे, आणि चिरुतेच्ची.

चिरुतेच्ची म्हणजे गावाची थोरली बहीण. पाठ वाकलेली, जीभ सरळ. मुलगा सजीवन शारजात, ती इथे एकटी. तंबाखू डॉक्टरांनी बंद केलेली, पण हात गप्प बसत नाहीत म्हणून घरी विड्या वळणाऱ्या शेजारच्या नबीसाची पानं कापून देते. शेडमध्ये ती पहिल्या रांगेत बसायची, आणि कुंजंबू वाचताना कोणाच्या कात्रीकडे बघायचा, तर हिच्या. मागच्या महिन्यात ती नबीसाच्या विहिरीपाशी चक्कर येऊन पडली. साखर उतरली होती. डॉक्टरांनी कालव्याच्या बांधावरून चालत यायला बंदी घातली. हॉलमध्ये उरले अंबूअप्पन आणि पंखा.

मग माषनी विषय काढला.

"कुंजंबू, हॉल रिकामा ठेवून कोणासाठी वाचतोस? तिकडे पोरापोरींना परीक्षेच्या अभ्यासाला जागा नाही. आणि वाचनाचंच म्हणशील, तर हे बघ." माषनी मोबाईल पेपरावर धरला आणि मोबाईल वाचू लागला. गोड आवाजाची कुणी बाई होती. तिने खोबऱ्याचे भाव सांगितले, मग त्याच आनंदात एका कुटुंबप्रमुखाचं निधन सांगितलं, आणि न थांबता एका वराला अनुरूप वधू पाहिजे म्हणाली.

"त्या मेलेल्या माणसाचंच लग्न ठरवतेय ही," कुंजंबू म्हणाला.

"पण उच्चार बरोबर आहेत की नाही?" माषना उत्तर बरोबर आलं की पुरे असायचं. "हे बघ, मी काही राक्षस नाही. तुला एक संधी देतो. ऑनलाइन वाच. लिंक पाठवू, लोक घरूनच ऐकतील. किती जण येतात आणि किती जण शेवटपर्यंत थांबतात, ते हे यंत्रच सांगेल. थांबले तर वाचन चालू. पळाले तर हॉल वर्गाला. बरोबर?"

कुंजंबू मोबाईलला हातच लावत नसे. एकदा त्याने त्यात वेळ बघायला बोट लावलं होतं आणि कुठलीशी नर्स 'बोला, रुग्णवाहिका कुठे पाठवू?' म्हणाली होती. तेव्हापासून तो वेळ सूर्याकडे बघून सांगायचा, आणि पावसाळ्यात अंदाजाने.

त्या संध्याकाळी तो हे सगळं चिरुतेच्चीला सांगायला गेला. म्हणाला, "संपलं आता. त्यापेक्षा मी रोज इथे येऊन तुला वाचून दाखवतो."

"एकटीला?" चिरुतेच्चीने कात्री रोखली. "एकटीला वाचून दाखवायला मी काय जमीनदारीण आहे? वाचन सगळ्यांचं असतं. उद्या म्हणशील पंखा हलवतो."

"बरं, मग त्या चंतनचं पुढे काय झालं ते तोंडी सांगू?"

"खबरदार!"

चंतन म्हणजे त्या पुठ्ठ्याच्या कादंबरीतला होडीवाला. ज्या कारभाऱ्याने त्याची झोपडी जाळली तो कारभारी पुरात वाहत येतोय आणि चंतनची होडी वाटेत आहे, इथपर्यंत वाचन आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी चिरुतेच्ची विहिरीपाशी पडली होती.

"महिना झाला त्या कारभाऱ्याला पाण्यात सोडून मी घरात बसलेय," ती म्हणाली. "दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा आधी तोच आठवला. माषना सांग, पाठवा म्हणावं लिंक."

"मला येत नाही ते."

"मला येतं."

आणि खरंच येत होतं. रोज सजीवनशी मोबाईलवर बोलून ती शारजातल्या त्याच्या स्वयंपाकाची देखरेख करायची. त्याने आमटीत मीठ किती घातलं ते ती रंगावरून ओळखायची. तिने कुंजंबूला पायरीवर बसवलं आणि मोबाईल हातात दिला.

"अरे, बोट असं काय लावतोस, तापल्या तव्याला लावल्यासारखं?"

"मोडला तर?"

"माझ्या मुलाने पाठवलाय. तुझ्या सासऱ्याने नाही. दाब!"

कुंजंबूने दाबलं. पडद्यावर टॉवेल गुंडाळलेला सजीवन दिसू लागला. डोक्याला साबण होता.

"अम्मा? काय झालं? बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. हा कुंजंबू शिकतोय."

"कुंजंबेट्टा, शिका, पण वेळ बघून शिका!"

हे शिक्षण आठवडाभर चाललं. कुंजंबूने पडद्यावर एक म्हातारा बघितला आणि विचारलं, हा कोण मध्येच आला? तो तोच निघाला. त्याने स्वतःला उलटं केलं, एकदा काळं केलं, एकदा डोक्यावर मांजराचे कान लावून घेतले आणि ते काढता येईनात म्हणून तसाच घरी जायला निघाला. चिरुतेच्ची हसून हसून भिंतीला टेकली. पण शिकला. कुरकुरत, शिव्या घालत, घामाघूम होत शिकला. शेवटच्या दिवशी मात्र त्याने मनातली खरी भीती सांगितली.

"चिरुतेच्ची, मला हात दिसायचे नाहीत गं. हात दिसले नाहीत तर मी वाचू कशावरून? कुठे हळू घ्यायचं, कुठे थांबायचं, मला कसं कळणार?"

चिरुतेच्चीने हातातलं पान पुरं केलं. मग म्हणाली, "हात नाही दिसले तर नाही दिसले. माझी कात्री ऐक."

म्हणून रविवारी कुंजंबू त्या पातेल्यासमोर बसला होता.

पडद्यावर चौकोन उघडू लागले. एकात अंबूअप्पनचा कान होता. त्यांनी मोबाईल टेलिफोनसारखा धरला होता. एकात नबीसा. ती आज नेमकी माहेरच्या लग्नाला गेली होती आणि तिच्या मागून बिर्याणीची पातेली ओढली जात होती. एकात सजीवन, या वेळी शर्टात. कुणाकुणाची मुलं, सुना, दोहा, मस्कत, बंगळूर. शेवटी चिरुतेच्चीचा चौकोन आला. तिने मोबाईल डब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे त्यात फक्त छपराची कौलं आणि वाशाला टांगलेला केळीचा घड दिसत होता.

"सगळ्यांचे माईक मी बंद केलेत," नंबियार माष म्हणाले. "शिस्त पाहिजे. कुंजंबू, कर सुरू."

कुंजंबूने पान उघडलं आणि पहिलं वाक्य वाचलं. वाक्य गेलं. कुठे गेलं कुणास ठाऊक. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं झालं. त्याने दुसरं वाक्य जरा मोठ्याने टाकलं. तेही गेलं. शेडमध्ये खोकला असायचा, मुकादमाच्या चपला असायच्या, कुणीतरी 'अरे, चहा आला का?' म्हणायचं. इथे काहीच नाही. चौकोनातली तोंडं हलत होती, जांभया देत होती, पण सगळं काचेपलीकडच्या माशांसारखं.

त्याचा सूर गेला. पुराचं वर्णन त्याने असं वाचलं की नदीला पूर आलाय की नदी लिलावात निघालीय ते कळेना. कारभारी गटांगळ्या खात होता आणि वाचताना कुंजंबूही. एक चौकोन मिटला. मग दुसरा. कोपऱ्यातला आकडा खाली उतरला, आणि भिंतीपलीकडे माषनी घसा खाकरला. या खाकरण्याचा अर्थ शाळेत त्यांच्यापुढे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होता. गणित चुकलंय आणि आता ते फळ्याकडे निघालेत.

आणखी एक चौकोन मिटला. कुंजंबूने तांब्या तोंडाला लावला, आणि पाणी पिता पिता त्याची नजर त्या कौलांवर गेली. कौलांखाली कुठेतरी एक कात्री चालत होती आणि ती त्याला ऐकू येत नव्हती.

कुंजंबू उठला. उठून त्याने मुंडू वर घेतला आणि दोन्ही टोकं कमरेला घट्ट खोचली. आमच्याकडे मुंडू वर गेला की समजायचं, आता वडीलधारं कुणी नाही. पडद्यावर पुन्हा पोटच दिसत होतं, पण आज ते पोटही ठाम दिसत होतं.

"माष, सगळ्यांचे माईक उघडा."

"गोंधळ होईल, कुंजंबू."

"होऊ दे."

"नियम असा आहे की..."

"माष, नियम तुमचा, वाचन माझं. माईक उघडा, नाहीतर मी पुस्तक मिटतो, आणि हॉल उद्या नाही, आजच द्या त्या वर्गाला."

भिंतीपलीकडे माषनी कुठलंसं बटण दाबलं आणि सगळं गाव हॉलमध्ये येऊन आदळलं. कुकरची शिट्टी, गाईचं हंबरणं, दोह्यातला कुणाचा तरी एसी, 'अगं, त्या मुलाला आधी धू!' अशी कुणाची तरी सासू, लग्नातला बँड, आणि अंबूअप्पनचा संथ, भरदार श्वास. माष भिंतीपलीकडून "शांतता! शांतता!" ओरडत होते. कुंजंबू मात्र डोळे मिटून उभा होता. बाजारात हरवलेल्या आईचा आवाज मूल शोधतं तसा तो त्या कोलाहलात काहीतरी शोधत होता.

आणि सापडलं. कच्. कच्. कच्.

तो खाली बसला. पुराचं वर्णन त्याने पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आणि आता नदीला पूर आला. कच् कच् जरा भराभर झालं, तर त्याने वर्णन आवरतं घेतलं आणि चंतनला पुढे आणलं. कात्री हळू झाली, तर त्यानेही वल्हं हळू मारलं. एसीवाल्याने एसी बंद केला. सासू गप्प झाली. लग्नातला बँड लांब गेला. नबीसाच लांब गेली होती, कारण तिच्या मागे आता मांडव नसून नारळाची झाडं दिसत होती. मिटलेला एक चौकोन परत उघडला. माषनी घसा खाकरला नाही.

कारभाऱ्याने होडीची कड धरली. चंतन उभा राहिला. त्याच्या हातात वल्हं. कारभाऱ्याची बोटं कडेवर पांढरी पडलेली. होडी कलंडू लागली. कच्... कच्... कात्री इतकी हळू झाली की दोन कापांच्या मध्ये कुंजंबू एक अख्खं वाक्य बसवत होता. चंतनने वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, आणि...

कात्री थांबली.

कुंजंबूही थांबला. शेडमधली रीतच ती. कात्री थांबली की वाचणाऱ्याने श्वासभर थांबायचं, तो श्वास ऐकणाऱ्यांचा असतो. किती वर्षांनी मिळत होतं हे! त्याने एक श्वास जाऊ दिला. आता कात्री चालू होईल.

कात्री चालू झाली नाही.

दुसरा श्वास गेला. तिसरा. कुंजंबूने कौलांकडे बघितलं. कौलं जागच्या जागी होती. केळीचा घड जागच्या जागी होता.

"चिरुतेच्ची?" तो हळूच म्हणाला.

काही नाही.

"चिरुतेच्ची! बोल की!"

"अम्मा?" शारजातून सजीवनचा आवाज आला. "अम्मा! ऐकू येतंय का? अम्मा!"

"अल्ला! ती एकटी आहे घरात," नबीसा किंचाळली. "मी इथे बिर्याणीत आणि ती तिथे एकटी! विहिरीपाशी पडली तेव्हाही असाच आवाज बंद झाला होता. कुणीतरी जा रे!"

कुंजंबूने तोपर्यंत मोबाईल उचलला होता. तो हॉलच्या पायऱ्या उतरला तेव्हा मागून ऑफिसचं दार धाडकन उघडलं आणि नंबियार माष धावत बाहेर आले. माषना धावताना गावाने कधीच पाहिलं नव्हतं. शाळेची घंटा वाजल्यावरही ते चालत जायचे, कारण घंटा त्यांच्यासाठी थांबायची.

"साखर घे, साखर!" माष ओरडले आणि चहावाल्याच्या टपरीवरून त्यांनी साखरेचा अख्खा डबा उचलला. चहावाला "माष, अहो माष!" म्हणेपर्यंत दोघे कालव्याच्या बांधावर होते.

आता मोबाईल कुंजंबूच्या हातात हिंदकळत होता, आणि दोहा, मस्कत, बंगळूर अशा सगळ्या ठिकाणी बसलेल्या लोकांना आळीपाळीने आभाळ, चिखल, बदकं, कुंजंबूचा गुडघा आणि पुन्हा आभाळ दिसत होतं.

"कुठे पोचलात?" सजीवन ओरडत होता.

"फणसापाशी!"

"धावा, कुंजंबेट्टा, धावा!"

"धावतोच आहे रे! उडू आता?"

पण तोंडाने उडवून लावलं तरी आत त्याचं काळीज सुपात घातल्यासारखं पाखडलं जात होतं. आपणच तिला यात ओढलं, त्याच्या मनात येत होतं. एकटीला वाचून दाखवलं असतं तर ती समोर असती, तिचा हात दिसला असता. हात न बघता वाचायला निघालो, आणि बघ. हॉल जाऊ दे. वाचनही जाऊ दे. तिला काही झालं, तर परत कुठलं पुस्तक उघडायचं आणि कोणत्या तोंडाने?

मागे माषचा पाय घसरला, एक चप्पल कालव्यात गेली. डबा मात्र त्यांनी छातीशी धरून वाचवला.

चिरुतेच्चीचं फाटक कुंजंबूने हाताने उघडलं नाही, अंगाने उघडलं.

चिरुतेच्ची ओट्यावर बसली होती. पाठ भिंतीला, मांडीवर सूप, समोर डब्याला टेकलेला मोबाईल. ती मोबाईलकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा संताप होता की कुंजंबूच्या जिवात जीव आला. इतकं रागावायला माणूस धडधाकट असावं लागतं.

"का थांबलास?" ती म्हणाली.

कुंजंबू खांबाला धरून नुसता धापा टाकत होता.

"त्या चंतनचं वल्हं वर आहे केव्हापासून! हात भरून आले असतील त्याचे. का थांबलास तू?"

"तू थांबलीस म्हणून मी थांबलो!"

"मी कुठे थांबले? तू थांबलास! तुझं तोंड उघडं राहिलं आणि तसंच गोठलं. मघापासून तुझी पडजीभ बघत बसलेय मी. हाका मारल्या, शिव्या घातल्या, ढिम्म नाही."

माषनी पुढे वाकून तिच्या मोबाईलकडे बघितलं. पडद्यावर कुंजंबू आ वासून स्तब्ध होता आणि त्याच्या दातांवर एक चक्र फिरत होतं. "लाईन तुटलीय," माष म्हणाले. "हिच्याकडची लाईन तुटली. आपल्याकडचं तिचं चित्रही गोठलं असणार."

"मग ते कळलं कसं नाही?" कुंजंबूच्या हातातून सजीवन म्हणाला.

"कळणार कसं?" माष म्हणाले. "चित्रात कौलं होती. कौलं गोठली आहेत की चालू आहेत, हे कोण सांगणार?"

त्यावर मोबाईलमधून इतक्या ठिकाणांहून हसू आलं की चिरुतेच्चीने मान वळवून विचारलं, "हे एवढे कोण?" माषनी कोपऱ्यातला आकडा बघितला. मग चष्मा पुसून परत बघितला. वाचन सुरू झालं तेव्हापेक्षा तो कितीतरी मोठा झाला होता. म्हातारी पडली म्हणून ज्याने त्याने ज्याला त्याला कळवलं होतं, आणि सगळा गाव धावत येऊन लाईनवर उभा होता.

"हे धरायचे नाहीत," माष स्वतःशीच पुटपुटले. "हे म्हातारीसाठी आलेत. वाचनासाठी नाही."

कुंजंबूने ते ऐकलं, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो चिरुतेच्चीच्या सुपाकडे बघत होता. सुपात कात्री उघडीच पडली होती, आणि कात्रीच्या दोन पात्यांमध्ये एक पान होतं. अर्धं कापलेलं. तिथून ते चिरत गेलं होतं.

त्याने ते पान उचललं आणि तिच्यासमोर धरलं.

चिरुतेच्चीने पानाकडे बघितलं. मग कुंजंबूकडे. लाईन तुटल्यावर ती थांबली असती, तर तिने आधी पान पुरं केलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. तिला थांबवलं होतं ते चंतनच्या वल्ह्याने.

"नबीसाला सांगू नकोस," ती म्हणाली. "तिची पानं मोजलेली असतात."

"मी ऐकतेय, चिरुतेच्ची," मोबाईलमधून नबीसा म्हणाली.

"मग ऐक. एक पान वाया गेलं. याने घालवलं."

माष पायरीवर बसले. एका पायात चप्पल, मांडीवर साखरेचा डबा. बसून ते पायातला काटा शोधू लागले आणि शोधता शोधता, कुणाकडेही न बघता म्हणाले, "मोजायचंच असेल तर आत्तापासून मोजायला हवं. म्हातारी धडधाकट आहे हे आता सगळ्यांना दिसलंय. ज्यांना जायचं ते जातील. जे राहतील ते वाचनाचे. बरोबर?" त्यांनी तळपाय उजेडाकडे वळवला. "तसा परीक्षेचा वर्ग सकाळीही घेता येतो. सकाळी डोकं ताजं असतं. मी स्वतः गणित नेहमी सकाळीच शिकवलं." काटा सापडला. "वाच आता. पुस्तक तिकडेच राहिलं का तुझं?"

तेव्हा कुंजंबूच्या लक्षात आलं की पुस्तक काखेत आहे. पायऱ्या, बांध, बदकं, फणस, फाटक, या सगळ्यातून ते त्याच्या काखेत दाबलेलं होतं, आणि उजव्या हाताचं एक बोट अजून पानात होतं. बोट आखडून गेलं होतं.

त्याने आपल्या हातातला मोबाईल चिरुतेच्चीच्या डब्याला टेकवून ठेवला. या वेळी तिनेच तो सरळ केला, तिचे हात दिसतील असा. आकड्याकडे त्याने बघितलं नाही. मुंडू खाली सोडला, माषच्या शेजारी पायरीवर बसला आणि बोट होतं तिथे पुस्तक उघडलं.

चिरुतेच्चीने नवीन पान घेतलं. कच्. कच्. चंतनचं वल्हं वर होतं. कुंजंबूने ते आणखी थोडं वर नेलं. कच्... कच्...

कात्री थांबली. या वेळी कुंजंबू थांबला नाही.